रेघांचा बैल

प्रतवारी करणे हा माणसाचा फार जुना छंद असावा. बाजारात गेलेली बाई वांगे उचलण्याआधी त्याचे देठ पाहते. सोनार कसाच्या दगडावर रेघ ओढून डोळा बारीक करतो. आणि लग्नाच्या पंगतीतून उठलेला पाहुणा आचवता आचवताच बुंदीची प्रत ठरवून मोकळा होतो. माझ्यासारखीने तर या छंदाचा धंदाच केला आहे. मी मराठीची प्राध्यापिका. मुलांनी परीक्षेत केलेला संतांचा उद्धार वाचावा आणि त्याला आकडा द्यावा, यावर माझे घर गेली वीस वर्षे चालले आहे. पूर्वी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर येत. त्यांना शाईचा, घामाचा, क्वचित कोणा मुलीच्या हाताच्या हळदीचा वास असे. आता उत्तरपत्रिकेचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर उमटते. वास नाही, सुरकुती नाही, पान उलटल्याचा आवाज नाही. मी आकडा टाकते आणि पुढच्या चित्राकडे वळते. त्या आकड्याचे पुढे अक्षर होते: सर्वांत वर 'ओ', त्याखाली 'ए प्लस', 'ए', 'बी प्लस' अशी उतरंड, आणि कसाबसा तरून गेलेला तो 'पी'. ही दोन अक्षरे, 'ओ' आणि 'पी', वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावीत. ती पुढे पुन्हा भेटणार आहेत, आणि जरा निराळ्या वेशात.

ती मला भेटली माझ्या आजोळी, कौंडण्यपूरला. वर्धा नदीच्या काठचे हे गाव रुक्मिणीचे माहेर. विदर्भाच्या राजांची राजधानी इथे होती असे पुराणे सांगतात, आणि 1960च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केले तेव्हा पांढरीच्या मातीतून निघालेल्या खापऱ्यांचीही त्यांनी काळ्या, तांबड्या अशी प्रतवारी करून ठेवली. रुक्मिणीची पालखी चारशेहून अधिक वर्षे इथून पंढरीला पायी जाते. मला मात्र लहानपणापासून या गावच्या लेकीची एकच गोष्ट विलक्षण वाटत आली आहे. तिने वर पसंत केला तो न पाहता. नुसते गुण कानांवर आले, आणि तिने पत्र लिहिले. डोळ्यांनी पाहून केलेल्या पारखीवर तिचा मुळीच विश्वास नसावा. शिशुपाल दिसायला काही वाईट नसेल!

माझे मामा याच गावचे, आणि त्यांचा सारा जन्म डोळ्यांनी पाहण्यात गेला. ते बैलांचे दलाल होते. आज त्यांना ब्याऐंशी वर्षे झाली आहेत, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले आहेत, आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या घरात अंडेसुद्धा उंबरठा ओलांडून येत नाही. मामांचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, अमरावतीला इंजिनियर झाला आणि सात वर्षांपूर्वी आयर्लंडला गेला. 'कॅमेऱ्याच्या कंपनीत आहे' एवढेच घरी माहीत. मामींचा बरीच वर्षे समज होता की पोरगा तिकडे लग्नाचे फोटो काढतो. मग एवढा शिकला कशाला, असे त्या मला एकदा हळूच विचारूनही गेल्या होत्या.

गेल्या कार्तिकात तो आला. मामांनी मनाशी ठरवून ठेवले होते की येत्या एकादशीला त्याच्या गळ्यात माळ घालायची आणि दिंडीतली वीणा पुढे त्याच्याकडे द्यायची. मुलाने हूं म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. संध्याकाळी तो मला नदीवर घेऊन गेला. पलीकडच्या तीरावर आर्वी तालुक्यातली शेते धूसर होत चालली होती. पायऱ्यांवर बसून तो म्हणाला, "आत्या, मी बैलांचे फोटो काढतो."

"मग चांगलेच आहे की. आजोबांना केवढे आवडेल!"

"जिवंत बैलांचे नाही."

आणि मग त्याने जे सांगितले ते असे. कत्तलखान्यात जनावर मारून, सोलून, उभे चिरून त्याची दोन अर्धी धडे करतात. ही धडे वरच्या लोखंडी रुळावर आकड्यांना टांगलेली, एकामागून एक सरकत येतात. शेतकऱ्याला मिळणारा पैसा दोन गोष्टींवर ठरतो: वजनावर, आणि धडाच्या प्रतीवर. वजनाला काटा आहे. प्रतीला काय? तिथे एक माणूस उभा असे. धड समोरून जाई, तो काही क्षण पाही आणि एक अक्षर पुकारी. युरोपात ही अक्षरे 1981 सालच्या नियमाने ठरली आहेत: ई, यू, आर, ओ, पी. ई म्हणजे अप्रतिम, यू म्हणजे फार चांगले, आर चांगले, ओ बेताचे, पी गरीब. अक्षरे ओळीने वाचली तर 'युरोप' असे काहीसे होते. सरकारी कचेऱ्यांतही विनोदबुद्धी असते म्हणायची. शिवाय अंगावरच्या चरबीला एक ते पाच असे आकडे.

मला एकदम हसू आले. आमच्या विद्यापीठाचा 'ओ' शिखरावर आणि यांचा 'ओ' तळाच्या एकच पायरी वर! 'पी' मात्र दोन्हीकडे सारखाच दीन. हसले, पण लगेच वाईटही वाटले, कारण मुलगा हसत नव्हता.

या पाचांतल्या प्रत्येक अक्षराचे आयर्लंडात आणखी तीन तुकडे केले आहेत, अधिक, सम आणि उणे. म्हणजे पंधरा पायऱ्या झाल्या. एकेका पायरीमागे किलोला काही सेंट कमी-जास्त होतात. एका धडाला तीन-साडेतीनशे किलो धरले तर ओ-अधिक की आर-उणे, या केसाएवढ्या भेदावर शेतकऱ्याच्या पोराचे बूट अवलंबून असतात. आणि तो भेद ठरवणारा माणूस सकाळी ताजा असतो, दुपारी दमलेला असतो, आणि उभा असतो कारखानदाराच्या छपराखाली. शेतकरी तिथे नसतोच; त्याच्या हातात चिठ्ठी पडते. त्याने भांडावे कुणाशी? धडाचे तोवर तुकडे होऊन ते बाजारात गेलेले असतात.

म्हणून 2004 साली आयर्लंडने हे काम यंत्राकडे दिले. युरोपात त्यांचाच पहिला मान. (2004 हे साल माझ्याही चांगले ध्यानात आहे. त्या वर्षी चार ठिकाणची मंडळी मला पाहायला येऊन गेली. एकीने मला अंगणात चालवून दाखवायला लावले. त्यांना कॅमेरा पुरला असता.)

यंत्राची युक्ती मोठी गमतीची आहे. अर्धे धड सरकत येते, एका काळ्या पडद्यापुढे क्षणभर स्थिर होते, आणि त्याचा एक साधा फोटो निघतो. त्यात बाह्यरेषा येते, लांबी-रुंदी येते, लाल किती आणि पांढरे किती ते येते. पण फोटो सपाट. मांडी फुगीर आहे की चपटी, हे सपाट चित्रात कसे कळावे? तेव्हा दुसरा फोटो काढण्यापूर्वी धडावर उजेडाच्या समांतर रेघा टाकतात. कुडाच्या फटींतून आलेले ऊन आपण पाहिले आहे ना? ते भुईवर सरळ पट्ट्यांनी पडते. पण मध्ये घागर ठेवली तर तिच्या पोटावर त्याच पट्ट्या वळून जातात. बस्स, तेच. रेघा जिथे जितक्या वाकल्या तितका तिथला उंचवटा. संगणक रेघांचे वाकणे मोजतो आणि अक्षर सांगतो. हे सारे सहा-सात सेकंदांत. मुलाचे काम त्या मोजणीचे गणित नीट चालते की नाही हे पाहण्याचे.

"पण तुझ्या यंत्राला हे कोणी शिकवले, की एवढी वाकली म्हणजे आर आणि तेवढी वाकली म्हणजे यू?"

मास्तरीण असल्यामुळे मला हा प्रश्न सुचला असावा. शिकणारा कोणी दिसला की शिकवणारा कुठे आहे, असे माझ्या मनात येतेच.

"माणसांनी," तो म्हणाला.

आणि इथे मला खरी मौज वाटली. यंत्राला परवाना द्यायचा तर युरोपच्या नियमाप्रमाणे निदान सहाशे धडे त्याच्यापुढून न्यावी लागतात. तीच धडे परवानाधारक तज्ज्ञही पाहतात, निदान पाच जण. पाचांनी पाच अक्षरे लिहिली तर ती ओळीने मांडून मधले घ्यायचे. ते मधले अक्षर म्हणजे सत्य! यंत्र त्या सत्याच्या किती जवळ गेले, यावर त्याला गुण. म्हणजे माणसाच्या डोळ्यावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्र खरे की खोटे हे ठरवायला पुन्हा माणसांचेच डोळे. एका डोळ्याला घाबरून पाचांकडे जायचे, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तिकडच्या कारखान्यात त्याला बहुधा प्रमाणपत्र म्हणत असतील.

मुलगा म्हणाला, "आत्या, तू आजोबांना सांग. लपवून माळ घालणं मला जमणार नाही. आणि मी सांगायला गेलो तर माझ्या तोंडून नीट येणार नाही."

मला या कामाची हौस नव्हती. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना, आणि मला त्या मुलाच्या धंद्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. ती कापसाची.

वऱ्हाडात कापसाची प्रत ही काही आजची गोष्ट नव्हे. आमच्या अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरून मुंबईच्या आणि विलायतेच्या बाजारात इथल्या कापसाच्या प्रतीलाच 'ऊमरा' म्हणत. गावाचे नाव प्रतीला मिळावे, हा केवढा मान! 1897 साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजाराचा कायदा झाला. पुढे देशातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांना तो वडीलभावासारखा होऊन बसला. पण कायदा बाजारावर छप्पर घालतो, मापात मारू नका म्हणतो. गाडीत हात घालून बोंडाची मूठ बाहेर काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यात तो कसा शिरणार? मी नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांबरोबर कापसाच्या गाडीवर बसून एका खरेदीच्या ठिकाणी गेले होते. कोणते, ते सोडून द्या. दोन रात्री रांगेत काढल्या. तिसऱ्या दिवशी प्रत पाहणारे साहेब आले. त्यांनी मूठभर कापूस ओढला, अंगठ्याने पसरला आणि म्हणाले, "कवडी आहे." किडीने पिवळ्या पडलेल्या, पाण्याने डागाळलेल्या कापसाला कवडी म्हणतात. आई आणि आम्ही बहिणींनी तो कापूस दिवाळीत बसून वेचून स्वच्छ केला होता. वडिलांनी हात जोडले. साहेबांनी दुसऱ्यांदा मूठ घेतली नाही. पुढच्या गाडीकडे वळले. वडील भांडले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी बैलांना एकदाही हाक दिली नाही, हे मला अजून आठवते.

आता कापसाची रुई झाली की तिच्याकरिताही यंत्रे आहेत. ती पांढरेपणा एका आकड्याने सांगतात, पिवळेपणा दुसऱ्या आकड्याने, आणि काडीकचरा कॅमेऱ्याने मोजतात. अमेरिकेत गोमांसाची प्रत बाराव्या-तेराव्या फासळीच्या मध्ये कापून दिसणाऱ्या मांसातल्या चरबीच्या पांढऱ्या धाग्यांवर ठरते. ते धागे कॅमेऱ्याने मोजायला तिथल्या सरकारने 2006 साली मान्यता दिली. 2024 साली तर लहान कत्तलखान्यांसाठी असा प्रयोग सुरू केला की तिथल्या माणसाने फोटो पाठवावेत आणि दूर बसलेल्या सरकारी पारख्याने ते पाहून प्रत द्यावी. हे मला भाच्याने सांगितले तेव्हा मी मनात म्हटले, अरे, हा तर माझ्याच पडद्यापुढे बसलेला माझा बिरादर! पण अशा यंत्रांविषयी कोणी 'माणुसकी गेली' वगैरे म्हणू लागले की माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचे जोडलेले हात येतात. त्या दिवशी माझ्या वडिलांना पाच अनोळखी गोऱ्यांचे डोळे पत्करले असते. निदान ते पाच जण पुढच्या गाडीकडे वळले नसते.

सकाळी मामा गोठ्यात होते. आता गोठ्यात एकच जोडी उरली आहे, गवळाऊची. वर्धेच्या खोऱ्यातली ही जात; पांढरी, लांबट, अरुंद तोंडाची, हाडापेराने हलकी आणि पायाची चपळ. मराठ्यांच्या फौजांना सामान पळवत न्यायला ही जात कामी आली असे सांगतात. मामा दलालीला गेले की मी लहानपणी त्यांच्या मागे लागून नदीपलीकडच्या बाजाराला जात असे. बैल पाहावा तो मामांनी. आधी दुरून, आणि तोही चालताना. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो की नाही ते पाहायचे. मग जवळ जाऊन खालचा ओठ दाबून दात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे ज्ञान मला शाळेच्या आधी बाजाराने दिले. मग खांद्यावरचे घट्टे, वशिंडाची ठेवण, डोळ्यातले पाणी, शेणाचा घट्टपणा. शेवटी रुमालाखाली दोन हात जात, बोटे बोटांना दाबत, आणि तोंडाने एक अक्षर न बोलता सौदा होई.

मी सगळे सांगितले. कत्तलखाना, रूळ, रेघा, अक्षरे, माळ. मामा वैरण टाकत होते ती टाकतच राहिले. मला वाटले, ऐकू आले नसावे. मग ते खाटेवर येऊन बसले.

"मंग?" ते म्हणाले. "आमी काय करत होतो, बाई?"

मी गप्प.

"बाजार उतराले लागला का तो येये. कोन, ते नको पुसू. तो दात नाई पाहे. दात कायले पाहील तो? शेपटीच्या बुडाशी अंगठा दाबे. मंग मांडीवर थाप मारे. मंग पाठीवरून हात फिरवे. तीन जागा. झालं त्याचं. आन मी रुमालाखाली त्याचा हात धरत होतो. त्याच हातानं."

भाच्याने मला आदल्या संध्याकाळी सांगितले होते की युरोपच्या नियमात धडाची ठेवण तीन जागी पाहायला सांगितली आहे: मांडी, पाठ आणि खांदा. तीनपैकी दोन जागा वर्धेच्या तीरावरच्या एका माणसाच्या अंगठ्याला कोणताही नियम न वाचता ठाऊक होत्या.

"आन कास्तकाराले मी म्हणत होतो, चांगल्या घरी चालला तुहा बैल."

"त्याला कळत नव्हतं, मामा?"

"त्यालेबी मालूम, मलेबी मालूम. तो माह्याकडे पाहे नाई. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो."

हे इथे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. मामांना विचारले तर ते म्हणाले, लिही. त्या काळी ते कायद्याबाहेरचे नव्हते, एवढे सांगणे भाग आहे. 1976च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय मारायला बंदी होती. बैल मात्र काम देत नाही असा दाखला मिळाला तर चालत असे. मार्च 2015पासून बैलही त्या बंदीत आला. मामांनी दलाली सोडली ती मात्र कायद्यामुळे नव्हे, त्याच्याही आधी. ट्रॅक्टर आले, बाजार विरळ झाला, आणि त्यांच्या डोळ्यांवर मोती चढू लागले. कायद्याच्या बऱ्यावाईटावर बोलायला इतर पुष्कळ लोक आहेत. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या डोळ्याची पंचक्रोशीत ख्याती होती, ज्याच्यापुढे बैलाचा लपवलेला लंगडेपणा दहा पावलांत उघडा पडे, तोच डोळा उतरत्या बाजारात दर आठवड्याला नेमका दुसरीकडे वळत असे. आणि त्या वळण्यातही एक पारख होती, मुरलेली. कॅमेऱ्याला ही एक गोष्ट येत नाही.

माळेचे काय झाले असे वाचक विचारतील. मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मुलानेही नाही. एकादशी झाली, वीणा यंदा मामांच्याच गळ्यात राहिली, मुलगा परत गेला. माळ देवघरात चांदीच्या वाटीत आहे. पण एकादशीच्या आदल्या संध्याकाळचे थोडे सांगायचे राहिले आहे.

मामांनी नातवाला हाक मारली आणि म्हणाले, "तुह्या त्या रेघा दाखव."

मुलगा घाबरला. मोबाइलमध्ये असतील नसतील ती चित्रे तो या माणसाला दाखवूच शकत नव्हता. मग त्याला युक्ती सुचली. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्याने पेन्सिलीने नुसत्या रेघा काढल्या. रक्त नाही, मांस नाही. आडव्या रेघा, मध्येच फुगलेल्या, मध्येच खोल गेलेल्या, जणू नदीच्या पात्राचा नकाशा. पाच पत्रिकांवर पाच. अक्षरे त्याने मागच्या बाजूला बारीक लिहिली, गणपतीच्या पायाशी. मामांना पाच पायऱ्या समजावून दिल्या. त्यांनी पत्रिका कंदिलाजवळ नेतात तशी ट्यूबलाइटच्या जवळ नेली.

"हे मांडी," ते म्हणाले. "भरली हाय. इथं पाठ सपाट. हे वरून दुसरं."

बरोबर होते. पाचांपैकी तीन बरोबर निघाली. उरलेल्या दोहोंना त्यांनी एकेक पायरी वरची दिली होती. नातवाने अक्षर उघडून दाखवले तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही. "कागदावर कमी दिसते. हे उभं असन तवा असं नसन," ते म्हणाले. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला हे वाक्य फार ओळखीचे वाटले. मुलगा कागदावर कमी दिसतो, वर्गात असा नसतो, असे आम्हीही एकमेकांत म्हणतो, आणि आकडा तोच ठेवतो.

पाच पंचांची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली. त्यांनी नातवाला विचारले, "ते पाची जन येकमेकाशी बोलत व्हते काय?"

"नाही आजोबा, बोलायला बंदी असते. प्रत्येकाने आपलं आपलं लिहायचं. दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही."

"मंग ते पंच नाई. पंच म्हनजे भांडते."

"भांडणात शेतकरीच हरायचा म्हणून तर हे केलं, आजोबा."

मामा यावर काही बोलले नाहीत. मीही नाही. माझ्या वडिलांचे हात मला इथे आठवले खरे, पण रुमालाखालची ती बोटेही आठवली. तिथे निदान विकणाऱ्याचे बोट घेणाऱ्याचे बोट मागे ढकलू शकत होते.

मग ते हसून म्हणाले, "आपला गवळाऊ कोनत्या अक्षरात बसन?"

मुलगा चाचरला. "त्यांच्या मापाने... पी. फार तर ओ."

"पी!" मामा इतके हसले की मामी आतून बाहेर आल्या. "अरे, ज्याच्या मांडीले मांस नाई तोच तं धावते! त्याह्यले धावनारा नको हाय, बाप्पा. त्याह्यले लटकनारा पाह्यजे."

मामींनी पत्रिका पाहून, ही कोणाच्या लग्नाची, हे तो आता का काढून बसला, अशी चौकशी केली. कोणी नीट उत्तर दिले नाही. मामांच्या हातात पाचवी पत्रिका होती, सगळ्यांत वरच्या अक्षराची. ती त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही. मांडीच्या फुगलेल्या रेघेवर ते अंगठा फिरवत होते, एखाद्या चांगल्या जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा.

"याच्या खांद्याले घट्टे नसन," ते म्हणाले.

"तिकडे बैल नांगराला नाही लावत, आजोबा."

"किती वर्साचा असन हा?"

"बहुतेक अडीचच्या आत. तीस महिन्यांच्या आतल्याला भाव जास्त."

मामांनी बोटांवर काही तरी मोजले. मला वाटले महिने मोजताहेत. पण ते दात मोजत होते.

"दोन दाती," ते म्हणाले. "म्हनजे कासऱ्याले लावाच्या वयातच."

त्यांनी पत्रिका उलटी करून खाटेवर ठेवली आणि मामींना चहा मांडायला सांगितला.